चार आणि पाचच्या मध्ये

डेरिफर्ड हॉस्पिटलातला पोरगा
पडद्यावर पेन टेकवून म्हणाला,
चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मध्ये
जेली सटकलीय. ही बघा, इथे.
जेली.
वाढदिवसाच्या टेबलावर थरथरते तशी,
लाल, काचेच्या वाडग्यात, ती मला दिसू लागली.

परतताना बसमध्ये उभीच राहिले.
बसलं की डाव्या अंगठ्यापर्यंत विजेची तार.
आणि मटली प्लेनच्या सिग्नलला
आठवलं तिचं खरं नाव.

मालवणच्या कॉलेजात नऊ वर्षं
मी तिला फळ्यावर काढत होते:
पिवळ्या खडूची एक रेघ,
वर निळा चेतारज्जू, खाली तांबडं आतडं.
पृष्ठरज्जू. हाडं फार नंतर आली, मुलांनो.
आधी ही ताठ, लवचीक दोरी,
जिच्या जोरावर शेपूट झटकून
कुणीतरी पहिल्यांदा पाणी कापलं.
मग मणके आले, त्यांनी तिला चहूकडून आवळलं.
आपल्यात उरलेत ते तिचे थेंब,
मणक्यामणक्याच्या फटीत,
गादीत दडवलेल्या नोटांसारखे.
दोन मार्कांचं होतं हे.

प्रॅक्टिकलला मुशी फाडायचो.
कल्ल्यांच्या पाच चिरा, कवटीच्या दहा नसा,
आणि उरलेली मुशी आत्माराम शिपाई
घरी न्यायचा, तिरफळं घालून तिखलं करायला.
शास्त्राचा इतका पूर्ण वापर
मी पुढे कुठे पाहिला नाही.

आता कॅटवॉटरच्या यार्डात
लोकांच्या होड्यांची पोटं खरवडते.
शेवाळ, शिंपले, आणि बोटाएवढ्या काचेरी पिशव्या,
प्रत्येकीला दोन तोंडं, बूड घट्ट रुतलेलं.
डेन्झिल पास्को त्यांना ज्या शिव्या देतो
त्या मला अजून सगळ्या कळत नाहीत.
मी त्याला सांगितलेलं नाही
की हे आपले भाऊबंद आहेत.
खेकड्याहून जवळचे, माकुलाहून जवळचे.
पुच्छसमपृष्ठरज्जू.
हजेरीत कुणाचं असं नाव असतं
तर पुकारता पुकारता तास संपला असता.

लहानपणी यांनाही शेपूट असते,
शेपटीत तीच दोरी,
डोळ्याचा एक ठिपका,
वर कुठे, खाली कुठे, ते सांगणारा एक कण.
एक दिवस पोहतात, फार तर दोन.
मग कुठेतरी डोकं टेकवतात,
खडकावर, दोरखंडावर, कुणाच्या नव्या यॉटवर,
आणि शेपूट आत ओढून पचवून टाकतात,
दोरीसकट.

शेवटच्या बाकावरून वैदेही कांदळगावकरने विचारलं होतं,
मॅडम, त्याला पुन्हा कधी पोहावंसं वाटत नसेल?
मी म्हटलं, सिलॅबसमध्ये नाही.
(मला इथे येऊन सहा वर्षं झाली.
तो विषय वेगळा आहे.)

दोष कुणाला द्यायचा?
आडवा कणा, चार खांबांवरचा साकव,
त्याला कुणी पूर्वजाने उभा केला
फळं तोडायला की लांबचं बघायला, कोण जाणे,
आणि मी त्या उभ्या साकवावरून
पस्तीस किलोचा पंप उचलला
कारण डेन्झिल जेवायला गेला होता.

रात्री कुशीवर पडून मी विचार करते
त्या एका थेंबाचा.
कल्ले गेले, शेपटीचं माकडहाड झालं,
तो मात्र चिकटून राहिला,
पन्नास कोटी वर्षं, कुणी विचारत नसताना.
आणि आता बाहेर आलाय.
इतक्या दिवसांनी बाहेर आलेल्या माणसाने
कुणाच्या तरी नसेवर पाय द्यावा, हे आलंच.

परवा डेन्झिल भेटायला आला.
जॅमच्या बरणीत खारं पाणी, पाण्यात एक पिशवी.
तू नसलीस की यांना माज चढतो, म्हणाला,
आणि तिला दोन बोटांत धरून
डोळ्यांसमोर नेऊन जरासं दाबलं.
तिने नेमकी चिळकांडी मारली
त्याच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर.

मी हसले,
आणि ते हसू कमरेतून निघालं,
मांडीच्या मागून, पोटरीतून,
थेट अंगठ्यापर्यंत गेलं.